जस्ताला रंग लावू नये

अकरावीच्या शिकवणीत फळ्यावर Fe लिहिलं
की मला एर्मेलिंद मावशी आठवते.
रासयच्या बार्ज यार्डाच्या फाटकाशी
तिचा चहाचा गाडा होता.
माझी वही तिनं एकदा उलटी धरली, सुलटी केली,
'फे' म्हणाली,
आणि बोटं आपसूक कपाळाकडे गेली, छातीकडे, खांद्यांकडे.
पोर्तुगीजमध्ये फे म्हणजे श्रद्धा.
मी हसलो. म्हटलं, ते लोखंड गो मावशी.
'लोखंड म्हणजे फेर्र. तेही फे-नंच सुरू होतं मरे,
मग तुझं भांडण कसलं?'
आणि माझ्या पावात तिनं भाजी जरा जास्तच भरली.

Na ची मुलांना गंमत वाटते.
आमच्या बोलीत ना म्हणजे नाही.
पदरात अकरा इलेक्ट्रॉन, आणि नाव काय तर ना!
शेवटच्या बाकावरून कोणीतरी म्हणतं,
'सर, उधारी मागितल्यावर पदेर असंच म्हणतो.'
मी म्हणतो, हा तसला नाही,
हा अकरावा देऊन टाकायला दार उघडंच ठेवून बसतो.
क्लोरीन दिसला रे दिसला, की दिला.

मग वेदांगी च्यारी हात वर करते.
'एक गेला तर उणे एक व्हायला हवं.
आपण अधिक का लिहितो?'
दर वर्षी कोणीतरी विचारतंच.
दर वर्षी मी तेच सांगतो:
जो गेला तोच उणा होता.
चिन्हं आधी ठरली, इलेक्ट्रॉन फार नंतर सापडला,
तोवर वह्या भरून गेल्या होत्या.
ती लिहून घेते.
पटलेलं नाही, हे तिच्या पेनावरून कळतं.

एकोणीस वर्षांचा होतो. सुट्टीतलं काम.
'सेलेस्तीना' नावाची बार्ज ओढून वर घेतली होती,
पोटाला शिंपले, गंज, झुआरीचा चिखल.
मी ब्रश घेऊन खाली.
तळाला जागोजागी जस्ताचे ठोकळे,
धुण्याच्या साबणाएवढे, करडे, ओबडधोबड.
मला ते बरे दिसेनात.
सगळं सारखं दिसावं म्हणून
मी त्यांच्यावरही तांबडा रंग दिला,
दोन हात, मन लावून.
संध्याकाळी उल्हास वेल्डर आला,
काच वर केली, बघितलं,
आणि 'हाका रंग लावूं नाका रे' एवढंच म्हणत
पहाटेपर्यंत एकेक ठोकळा खरवडत बसला.
मी बॅटरी धरून उभा.

तो अकरावी काय, आठवीही झालेला नव्हता.
त्यानं जुना ठोकळा दाखवला, मागच्या खेपेचा,
झिजून झिजून बिस्किटाएवढा उरलेला.
'हा गेला म्हणून ते राहिलं.'
बार्जच्या पत्र्यावर त्यानं हाताची थाप मारली.
'रंग लावलास तर हा चांगला राहील,
पण बार्ज जाईल.'

मी आज त्यालाच Zn लिहितो,
बाण काढतो,
पलीकडे Zn, डोक्यावर दोन अधिक,
शेजारी दोन इलेक्ट्रॉन.
परीक्षेत एवढ्याचे दोन गुण.

वेदांगी वही दाखवायला येते.
समीकरण बरोबर आहे.
इलेक्ट्रॉनांपुढे तिनं पेन्सिलीनं लिहिलंय: पाण्यात गेले.
मी म्हणतो, पाण्यात जस्त गेलं.
हे दोघे लोखंडात जातात, धातूतून धातूत.
मध्ये जोड पक्का हवा.
जोड सुटला की ठोकळा तसाच लोंबत राहतो,
आणि शेजारचा पत्रा गंजत जातो.

ती विचारते, 'जोड म्हणजे वेल्डिंग?'
हो.
'मग पप्पांच्या वेल्डिंगमधून जातात?'

मी उत्तर द्यायच्या आत
तिनं पेन्सिलीचं खोडलं,
आणि दोन इलेक्ट्रॉन
बाणावर, अगदी मधोमध,
एकाशेजारी एक काढले.
तसं काढत नाहीत.
मी गुण दिले.